मारुतीच्या जिम्नीला 2 इंची लिफ्ट स्प्रिंगा (गाडी 2 इंच उंच करणाऱ्या) बसवायच्या आहेत. मध्यम वजन पेलणाऱ्या घ्याव्यात की जास्त वजनाच्या, म्हणजे जास्त कडक, आणि मागे बसणाऱ्यांचा आराम जाईल का?

आपली जिम्नी आठवडाभर शहरात आणि महिन्यातून एखाद्या रविवारी सह्याद्रीत जाते, मागच्या आसनावर आई-वडील बसतात, आणि दुकानदार ‘जास्त वजनाच्या घ्या, पुढे पस्तावणार नाही’ असे सांगतो आहे, असे आपण लिहिले आहे. हेच वाक्य मी माझी जिम्नी घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत ऐकले होते, त्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्याची किंमत माझ्या आईच्या पाठीने मोजली. म्हणून स्पष्ट लिहितो: जास्त वजनाच्या घेऊ नका.

माझ्या आईच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिचे माहेर पुणे जिल्ह्यात वेल्ह्याच्या बाजूला आहे आणि तिला तिथे आरामात नेता यावे, हे गाडी घेण्याचे एक मोठे कारण होते. मूळ स्प्रिंगांवर आम्ही तीन-चार वेळा जाऊन आलो, तेव्हा तिने कधी तक्रार केली नाही. त्यानंतर मी 2 इंची स्प्रिंगा बसवून घेतल्या. ‘पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) लावालच, मग आत्ताच जास्त वजनाची घ्या’ असा सल्ला गॅरेजमध्ये मिळाला आणि माझ्या काकांनी त्याला जोरदार दुजोरा दिला. काकांनी बावीस वर्षे स्वतःचा ट्रक चालवला आहे. स्प्रिंग जितकी कडक तितकी गाडी दणकट, आणि मऊ गाडी लोळते, हे त्यांचे ठाम मत आहे.

पहिल्याच फेरीत महामार्गावरच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे आत वळल्यावर काय चुकले आहे ते मला कळले. प्रत्येक गतिरोधकावर मागचा भाग वर उडत होता आणि त्याच वेळी ठक असा आवाज होत होता. आरशात मला आईचा हात दिसत होता. दाराच्या वरची मूठ तिने इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरे पांढरी पडली होती. वाटेतले मार्गासनी गाव गेले तरी ती काही बोलली नाही. विंझरला तिने गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘तू हो पुढे, मी एसटीने येते.’ मी तिला कसेबसे पुढच्या आसनावर बसवून नेले, पण परतीचा प्रवास तिने खरोखर एसटीने केला. मोडक्या रस्त्यांसाठी घेतलेल्या गाडीपेक्षा एसटीचे आसन तिला सुखाचे वाटले, ही गोष्ट मला अजून लागते.

काकांचे म्हणणे असे पडले की नव्या स्प्रिंगा ‘बसायला’ वेळ लागतो, दोन हजार किलोमीटर थांब. मी थांबलो. स्प्रिंग थोडी बसते हे खरे आहे, पण त्याने उंची काही मिलिमीटर कमी होते; कडकपणा कमी होत नाही. शेवटी मी गाडी वजनकाट्यावर नेली, आधी फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके काट्यावर घेऊन दोन्ही एक्सलची वजने वेगवेगळी काढली, आणि काढून ठेवलेल्या मूळ स्प्रिंगेची तार व्हर्नियरने मोजली. नव्या स्प्रिंगेची तार सुमारे एक मिलिमीटरने जाड निघाली. एक मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी सर्व मापे तीच ठेवून 12 मिलिमीटरची तार 13 केली, तर स्प्रिंग सुमारे 38 टक्क्यांनी कडक होते.

आता लिफ्ट कशी मिळते ते पाहा. उदाहरणापुरते समजा की एका स्प्रिंगेवर 250 किलो भार आहे आणि ती एक मिलिमीटर दाबण्यास दीड किलो लागतात, म्हणजे ती सुमारे 167 मिलिमीटर दबून स्थिर होते. तिच्या जागी तितक्याच लांबीची, पण एक मिलिमीटरला अडीच किलो लागणारी स्प्रिंग बसवली, तर ती 100 मिलिमीटरच दबेल आणि गाडी आपोआप 67 मिलिमीटर उंच दिसेल. ही उंची निव्वळ कडकपणातून आलेली आहे. गाडीची डोलण्याची गती सेकंदाला सव्वा वेळांवरून जवळजवळ 1.6 वेळांवर जाते, आणि तोच फरक मागे बसलेल्या माणसाला धक्क्याच्या रूपाने कळतो. याउलट कडकपणा मूळच्या जवळ ठेवून स्प्रिंगच लांब केली, तर उंची मिळते आणि आरामही बराचसा टिकतो. म्हणून दुकानदाराला ‘किती इंच’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी मूळ स्प्रिंगेच्या तुलनेत कडकपणा किती आणि ती किती कायम वजनासाठी बनवली आहे, हे विचारा. आकडा सांगता येत नसेल, तर त्या दुकानातून घेऊ नका.

जिम्नी रिकामी सुमारे 1200 किलोची आहे आणि तिचे कमाल भारित वजन 1545 किलो आहे. म्हणजे माणसे, सामान, कॅरियर, विंच हे सगळे साधारण साडेतीनशे किलोंतच बसवायचे आहे. अशा हलक्या गाडीत, कायम लादलेले वजन नसताना, जास्त वजनाची स्प्रिंग ही जवळजवळ नेहमीच चूक असते.

काकांच्या मुद्द्याचे उत्तर त्यांच्याच ट्रकमध्ये होते. भरलेल्या ट्रकच्या मागच्या एक्सलवरचा भार रिकाम्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून तिथे कडक पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) लागतातच. पण मुख्य पाट्यांच्या वर जे जादा पाटे असतात, ते रिकाम्या ट्रकमध्ये टेकतसुद्धा नाहीत. माल भरून चेसिस खाली आली की मगच ते भार घेतात. ट्रक बनवणाऱ्यालाही रिकामी गाडी आदळू नये याची काळजी होती. कडकपणा वजनाप्रमाणे ठरतो, दणकटपणाच्या इच्छेप्रमाणे नाही. हे मी त्यांना कागदावर काढून दाखवले आहे. ते अजून मान्य करत नाहीत.

तो ठक आवाज शॉकअपचा होता. गाडी 50 मिलिमीटर उचलली आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर चाकाला खाली जायला तेवढीच जागा कमी उरते आणि शॉकअप पूर्ण ताणून आदळतो. शिवाय मूळ शॉकअप कडक स्प्रिंगेची उसळी आवरण्यास अपुरा पडतो. स्प्रिंगा आणि शॉकअप जोडीने बदलण्याइतके पैसे नसतील, तर काहीच बदलू नका. गाडी पुढून उचलल्याने कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) कमी होतो आणि महामार्गावर स्टिअरिंग भरकटल्यासारखे लागते, त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश लागतात. एक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल थोडा बाजूला सरकतो, तोही जुळवून घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. जिम्नीचे दोन्ही एक्सल अखंड आहेत, त्यामुळे स्प्रिंगेने बॉडी वर जाते, पण डिफरन्शियलखालची (एक्सलच्या मधल्या गोळ्याखालची) उंची एक मिलिमीटरही वाढत नाही. ती फक्त मोठ्या टायरने वाढते, आणि 195/80 मापाच्या मूळ टायरवरून 215/75 घेतले तरी ती वाढ जेमतेम पाच मिलिमीटर असते. लिफ्टचा खरा लाभ पोट आणि नाक घासत असेल तरच आहे. आपले पोट किती वेळा घासले, हे आपण लिहिलेले नाही.

मी शेवटी मूळच्या जवळच्या कडकपणाच्या, सुमारे 35 मिलिमीटर उंची देणाऱ्या स्प्रिंगा त्यांच्या जोडीच्या शॉकअपसह बसवल्या. आई आता मागे बसून वेल्ह्याला येते आणि विंझरला चहासाठीच उतरते.

मूळ कंपनीच्या रचनेत असा बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (गाडीतील बदलांविषयीच्या) प्रश्न येतो आणि वॉरंटी व विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो, हे आधी तपासून घ्या. आपण खरोखरच स्टीलचा बंपर आणि विंच लावणार असाल, तर ते लागल्यानंतर गाडी काट्यावर चढवा आणि फक्त पुढच्या स्प्रिंगा त्या वजनाच्या घ्या. मागच्या स्प्रिंगांवर आपले आई-वडील बसणार आहेत. तिथे दुकानदाराचे ऐकू नका, आणि घरात कोणी ट्रकवाले काका असतील तर त्यांचेही ऐकू नका.