बुडीत खात्यातले मित्र

फोन एका गृहस्थांच्या पत्नीचा होता. "मॅडम, हे वाईट नाहीत हो. व्यसन नाही, कुणाचं देणं नाही. पण हातातून पैसा सुटत नाही. आता तर मुलगीसुद्धा मैत्रिणींना घरी बोलवेनाशी झाली आहे. मी किती दिवस सांभाळून घ्यायचं?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कधी नवऱ्याबद्दल, कधी मोठ्या भावाबद्दल, कधी शाळेपासूनच्या मैत्रिणीबद्दल. ऐपत आहे, प्रेमही आहे, पण खिशात हात घालायची वेळ आली की माणूस बदलतो. अशा माणसाला तोडता येत नाही आणि त्याचं वागणं सोसवतही नाही. या दांपत्याला विचारून, ओळख पटेल असं सगळं बदलून त्यांची हकिकत लिहिते आहे.

पहिल्या भेटीला दोघं आले. गृहस्थ पन्नाशीचे, चांगल्या पदावर, बोलायला मृदू. पत्नीच्या आग्रहाखातर आले असतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचं स्वतःचंही एक कारण होतं. त्यांनी मोबाइल काढून एक फोटो माझ्यापुढे धरला. सहा मित्र सहलीला गेलेले, खांद्यावर हात टाकून उभे. "हा आमचा सात जणांचा ग्रुप. पंचवीस वर्षं झाली. मला कुणी विचारलंच नाही. वेगळा ग्रुप केलाय म्हणे." एवढं बोलून त्यांनी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले.

मी विचारलं, का वगळलं असेल? ते म्हणाले, "मला हिशोब लागतो, म्हणून."

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी होती. बघू का म्हटल्यावर त्यांनी ती जराही आढेवेढे न घेता दिली. बारीक, सुंदर अक्षर. रोजच्या खर्चाचे रकाने: घर, प्रवास, औषधं, मुलीचं शिक्षण. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं 'बुडीत'. मित्रांबरोबर हॉटेलात बसल्यावर द्यावा लागलेला वाटा, भाचीच्या वाढदिवसाची भेट, ऑफिसातल्या कुणाच्या निरोपाची वर्गणी, सगळं त्या एका रकान्यात. मी त्या शब्दावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "परत येत नाहीत ना ते पैसे."

चिकटपणा म्हणून जे सांगितलं जातं ते प्रत्येक वेळी चिकटपणाच असतं असं नाही, म्हणून मी आधी तीन गोष्टी पाहते. पहिली, खरोखर ऐपत आहे का? कर्जात बुडालेला माणूस लाजेपोटी ते सांगत नाही आणि सगळे त्याला कवडीचुंबक म्हणून मोकळे होतात. अशी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना पडलेल्या टोमण्यांचं मला फार वाईट वाटतं. दुसरी, हा माणूस स्वतःवर तरी खर्च करतो का? स्वतःची चैन चालू आणि दुसऱ्याची वेळ आली की हात आखडता, हे वेगळं प्रकरण आहे, तिथे भीतीपेक्षा स्वार्थ शोधावा लागतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. घरातल्या दुसऱ्या कमावत्या किंवा न कमावत्या माणसाला पैशाला हात लावायची मुभा आहे का? बायकोला पै-पैचा जाब द्यावा लागत असेल, बँकेचं खातं तिला दाखवलंच जात नसेल, औषधासाठी हात पसरावा लागत असेल, तर त्याला मी कंजूषपणा म्हणत नाही. तो छळ आहे. तिथे जोडप्याला एकत्र बसवून गोड समेट घडवायला मी जात नाही. आधी त्या बाईची सुरक्षितता आणि तिच्या हातात स्वतःचा पैसा, बाकी नंतर.

इथे तसं नव्हतं. पत्नीची नोकरी होती, खातं तिचं होतं. हे गृहस्थ स्वतःवरही खर्च करत नव्हते. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती.

काटकसर आणि हे दुखणं यांत फरक आहे, आणि तो अभ्यासातूनही पुढे आला आहे. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांनी २००८ साली पैसे खर्च करताना होणारी वेदना मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. काटकसरी माणसाला पैसे वाचवण्यात सुख वाटतं. मुठी आवळणाऱ्याला वाचवण्याचं विशेष सुख नसतं, त्याला देताना दुखतं. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, ब्रायन नट्सन आणि सहकाऱ्यांनी खरेदीचा निर्णय घेणाऱ्या लोकांच्या मेंदूचं चित्रण केलं होतं. किंमत जास्त वाटली की मेंदूतला इन्सुला हा भाग जागा होत होता, आणि हाच भाग शारीरिक वेदना, किळस अशा नकोशा अनुभवांतही काम करतो. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा पत्नीकडे वळून म्हणाले, "बघ, मी मुद्दाम नाही करत."

पत्नीचा चेहरा उतरला. तिचं बरोबर होतं. दुखतं हे खरं, पण त्याचं बिल इतकी वर्षं बाकीचे भरत आले होते. ही दोन्ही वाक्यं एकत्र धरता आली नाहीत तर समुपदेशन एकाच बाजूला कलंडतं. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं.

त्यांच्या वडिलांची गोष्ट दुसऱ्या भेटीत आली. वडील दिलदार, चार लोकांत उठून दिसणारे. मित्राच्या कर्जाला जामीन राहिले. मित्राने हप्ते थकवले, आणि जामीनदार म्हणून वसुली यांच्या दारात आली. राहतं घर विकावं लागलं. ज्यांच्यासाठी वडिलांनी आयुष्यभर खिसा रिकामा केला त्यांच्यापैकी एकही घर बदलताना सामान उचलायला आला नाही. तेव्हा हे अकरा वर्षांचे होते. ते सांगत होते आणि त्यांचा अंगठा पाकिटाच्या कडेवरून सारखा फिरत होता. कड तिथे झिजून पांढरी पडली होती.

कारण सापडलं की गाठ सुटते असं पुष्कळांना वाटतं. ही गोष्ट त्यांनी घरात शंभरदा सांगितली होती, बायको-मुलीला पाठ होती, आणि हात तसाच आवळलेला होता. उलट तीच गोष्ट आता ढाल झाली होती.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. मी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी कुणीही भेटलं तरी सगळ्यांचं बिल तुम्ही भरा आणि काय वाटतं ते पाहा. २००८ सालचाच एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांचा प्रयोग माझ्या डोक्यात होता. लोकांना सकाळी थोडे पैसे दिले, काहींना स्वतःवर खर्चायला सांगितले, काहींना दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च केलेले लोक संध्याकाळी जास्त आनंदी होते, आणि रक्कम लहान होती की मोठी याने फरक पडला नाही. पण तिथे लोकांना पैसे दिलेले होते. माझ्यासमोरच्या माणसाला स्वतःच्या मुठीतून काढायचे होते. त्यांनी ऑफिसातल्या चौघांचं बिल भरलं, रात्रभर तळमळले, आणि पुढचे आठ दिवस त्या चौघांना त्याची आठवण करून देत राहिले. एकाने शेवटी त्याचा वाटा टेबलावर आणून ठेवला. पत्नी म्हणाली, "मॅडम, आधी बरं होतं."

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. देण्याच्या क्षणी दुखतं ना, तर निर्णय त्या क्षणी घ्यायचाच नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला, घरात शांत बसून, त्यांनीच ठरवलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. किती, ते मी सांगितलं नाही, पत्नीनेही नाही. ते पैसे त्या दिवशीच खर्च झाले असं धरायचं. महिनाअखेरीस उरले तर बचतीत परत घ्यायचे नाहीत, पुढच्या महिन्यात ओढायचे. पैसे जाण्याचा क्षण आणि वस्तू मिळण्याचा क्षण वेगळा केला की ठणका कमी होतो, हे ड्राझेन प्रेलेक आणि लोवेनस्टीन यांनी १९९८ मध्येच मांडलं आहे. पण मला ते पटलं या गृहस्थांमुळे. पहिल्या महिन्यात रक्कम वेगळी काढताना त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या महिन्यात दहा मिनिटं.

आणखी एकच अट घातली. दिलेल्याचा नंतर उच्चार करायचा नाही, घरातही नाही.

पत्नीशी मी एकटीशी बोलले, कारण तिचंही काम होतं. नणंदेच्या आजारपणात, मित्रांच्या वर्गणीत ती स्वतःच्या पगारातून चोरून भर घालत आली होती आणि "ह्यांनीच दिलेत" म्हणून सांगत होती. नवऱ्याची लाज राखायची म्हणून. त्यामुळे त्यांना आपल्या वागण्याची झळ कधी बसलीच नाही, आणि तिच्या मनात मात्र साचत गेलं. मग ते चारचौघांत टोमण्यातून बाहेर पडायचं. "ह्यांच्या खिशाला कुलूप आहे" हे वाक्य मुलीनेही उचललं होतं. मी तिला दोन्ही थांबवायला सांगितलं, चोरून भरणंही आणि टोमणाही. तिला हे अन्यायाचं वाटलं. "म्हणजे आता माझीच परीक्षा?" मी म्हटलं, हो, काही महिने. आणि तुमचा राग खरा आहे, तो इथे माझ्यासमोर पूर्ण काढा. तिने काढला. एक अख्खी भेट त्यातच गेली, आणि ती वाया गेली असं मला आजही वाटत नाही.

"तुम्ही चिक्कू आहात" या वाक्याला समोरचा माणूस वडिलांची गोष्ट काढून उत्तर देतो. "गेल्या तीन वेळा मी दिले, आजचे तुम्ही द्या" याला द्यायला त्याच्याकडे गोष्ट नसते. मित्रांनाही हेच लागू आहे. सहलीला निघण्याआधी प्रत्येकी किती ते सगळ्यांसमोर ठरवावं आणि आधीच गोळा करावं. संकोचाने कुणी बोलत नाही, आतल्या आत मोजत राहतात, आणि एक दिवस माणूस ग्रुपमधून गायब होतो.

त्या सहा जणांपैकी एकाला ते स्वतः जाऊन भेटले. मी सुचवलं नव्हतं. आधी मित्र टाळाटाळ करत होता, मग म्हणाला, "पैशाचं काही नाही रे. तू नसतास दिलेस तरी आम्ही भरले असते. पण दर वेळी वेटर बिल घेऊन आला की तू बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचास, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो. त्या बघण्याचा कंटाळा आला." हे मला सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

१९७९ साली मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी नात्यांचे दोन प्रकार सांगितले. एकात घेतल्याची परतफेड अपेक्षित असते, दुसऱ्यात गरज पाहून दिलं जातं. त्यांच्या प्रयोगात असं दिसलं की ज्या माणसाशी आपल्याला दुसऱ्या प्रकारची जवळीक हवी असते, तो लगेच देणंघेणं फेडून मोकळा झाला, तर आपल्याला तो कमी आवडायला लागतो. हे गृहस्थ पंचवीस वर्षं मित्रांशी पहिल्या प्रकाराने वागत होते आणि फोटोत मात्र दुसऱ्या प्रकारची जागा शोधत होते. मी हे त्यांना या शब्दांत सांगितलं नाही. मित्राच्या एका वाक्याने ते आधीच झालं होतं.

सहा महिने झाले. नव्या ग्रुपमध्ये त्यांना अजून घेतलेलं नाही. तो एक मित्र मात्र दर पंधरा दिवसांनी भेटतो. मुलीच्या तीन मैत्रिणी गेल्या महिन्यात घरी राहायला होत्या, आणि त्यांना स्टेशनवर सोडायला हे स्वतः रिक्षा करून गेले. पत्नी म्हणते, रात्री मीटरवरचा आकडा त्यांनी एकदाच सांगितला. एकदा सांगितला म्हणजे अट मोडली, हे त्यांनी भेटीत आपणहून कबूल केलं.

गेल्या वेळी मी पुन्हा डायरी पाहायला मागितली. 'बुडीत' हा रकाना अजून आहे, अक्षर तसंच बारीक. बाकी सगळ्या रकान्यांखाली बेरीज होती, त्याच्याखाली जागा कोरी होती. राहून गेली का, विचारलं. त्यांनी डायरी बंद करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "नाही. केलीच नाही."