जुन्या डेस्कटॉपला वेगवान यूएसबी पोर्ट

प्रश्न : नाशिकरोडला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेली छायाचित्रे आणि त्यानंतरच्या लग्नसमारंभांचे चित्रीकरण मी पोर्टेबल हार्ड डिस्कवर साठवले आहे. माझा डेस्कटॉप २०११ चा असून त्यात दुसऱ्या पिढीचा कोअर आय-५, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि विंडोज १० आहे. त्याला केवळ यूएसबी २.० चे पोर्ट असल्याने २०० गिगाबाइट उतरवायला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. दुकानदाराने यूएसबी ३.० चे चार पोर्ट असलेले एक कार्ड आणि त्याहून महाग असे १० गिगाबिटचे दुसरे कार्ड दाखवले. यांपैकी कोणते घ्यावे, की संगणकच बदलावा?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : केवळ या कारणासाठी संगणक बदलण्याची गरज नाही, आणि महाग कार्डाचीही नाही. यूएसबी २.० चा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट (आठ बिटांचा एक बाइट), असला, तरी प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच मिळतात. आपला दीड तास त्यातच जातो. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट आहे. फिरत्या तबकडीची पोर्टेबल डिस्क मात्र साधारण १०० ते १३० मेगाबाइटच्या पुढे जात नाही, म्हणून तेच काम अर्ध्या तासाच्या आसपास होईल. हजारो लहान फाइली असतील, तर थोडा अधिक वेळ धरावा.

खोक्यावरचा आकडा पाहण्याआधी स्लॉट, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवण्याची खाच, पाहावा, असा माझा आग्रह आहे. आपल्या मदरबोर्डवरील आखूड पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट, म्हणजे एक्स-१, दुसऱ्या पिढीचा असल्याने त्यातून एका दिशेने सेकंदाला जास्तीत जास्त ५०० मेगाबाइट जाऊ शकतात, आणि कार्डावरील सर्व पोर्टना मिळून एवढीच वाट उपलब्ध असते. १० गिगाबिटचे कार्ड त्याच स्लॉटमध्ये बसवले तरी ही मर्यादा बदलत नाही. जादा पैसे वाया जातात. ज्या वाचकांचा मदरबोर्ड याहून जुना, पहिल्या पिढीच्या वेगाचा आहे, त्यांना २५० मेगाबाइटच मिळतील. साध्या हार्ड डिस्कसाठी तेही पुरेसे आहेत, एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, जोडणाऱ्याला मात्र ही मर्यादा जाणवेल.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. यूएसबी ३.० चा एक पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे साडेचार वॅट, देऊ शकतो. चार पोर्टचे अठरा वॅट होतात, आणि एक्स-१ स्लॉटकडून सामान्यतः दहा वॅटच अपेक्षित असतात. पोर्टेबल डिस्क स्वतंत्र अडॅप्टरविना पोर्टमधूनच वीज घेतात, त्यामुळे दोन डिस्क एकदम जोडल्यावर वीज कमी पडली, तर कॉपी सुरू असतानाच डिस्कचा संगणकाशी संपर्क तुटू शकतो. अनेक वर्षांची छायाचित्रे हाताळणाऱ्याने हा धोका पत्करू नये. म्हणून पॉवर सप्लायची वायर जोडण्याची सोय असलेले कार्ड घ्यावे आणि ती वायर न विसरता जोडावी. आपल्या पॉवर सप्लायला साटा प्रकारची वायर मोकळी आहे की मोलेक्स प्रकारची, हे दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेट उघडून पाहावे.

बसवणे अवघड नाही. वीजजोड काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी, कार्ड सरळ दाबावे आणि स्क्रू आवळावा. विंडोज १० मध्ये बहुतेक कार्डे स्वतंत्र ड्रायव्हरशिवाय चालतात. विंडोज ७ वर मात्र ड्रायव्हर लागतोच. कीबोर्ड आणि माउस जुन्याच पोर्टवर ठेवावेत, कारण जुन्या बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरील प्रणालीला, कार्डावरील पोर्ट बहुधा ओळखता येत नाहीत आणि त्यांना जोडलेल्या डिस्कवरून संगणक सुरूही करता येत नाही.

आपल्याला रोज मेमरी कार्ड रीडर लावावा लागत असेल, तर वारंवार कॅबिनेटच्या मागे हात घालणे त्रासाचे होईल. त्यासाठी यूएसबी ३.० चीच आखूड एक्स्टेन्शन केबल पुढे आणून ठेवावी. रीडरही यूएसबी ३.० चा हवा, आणि डिस्कची केबल तिच्याबरोबर आलेली, रुंद टोकाचीच वापरावी; त्याच डिस्कमध्ये जुनी अरुंद केबलही बसते, पण मग वेग पुन्हा यूएसबी २.० चाच मिळतो.