बीबीए झालेल्या पोरीसाठी बाग तारण ठेवू का?

ताई नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगी सांगलीत बीबीए झाली, 64 टक्के पडले, चार महिने झाले तासगावात घरीच आहे, आणि आता एकजण पुण्यात एमबीएची मॅनेजमेंट कोट्यातली सीट मिळवून देतो म्हणतोय, आठ लाख लागतील, त्यासाठी द्राक्षबाग तारण ठेवायचा विचार चाललाय. ताई, ते आधी थांबवा, कागदावर सही करू नका.

कारण त्या माणसाने तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही. 2024-25 पासून आपल्या राज्यात व्यावसायिक कोर्सला मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखाच्या आत पाहिजे आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसीत बसायला पाहिजे. पण सीट सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा देऊन, कॅप राउंडमधून म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतूनच मिळालेली लागते. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही, डीम्ड (अभिमत) आणि खाजगी विद्यापीठालाही नाही. म्हणजे जी फी माफ होऊ शकते तीच तुम्ही कर्ज काढून भरणार! हॉस्टेल, मेसचा खर्च राहतो तो वेगळा, पण त्यासाठी बाग तारण ठेवायची वेळ येत नाही. तलाठ्याकडून, तहसीलमधून उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले आत्ताच काढून ठेवा, ॲडमिशनच्या वेळी लई पळापळ होते.

दुसरं, एमबीए यंदाच कशाला? तुम्ही लिहिलंय की मार्केटिंग, फायनान्स, एचआर यातलं काय घेणार विचारलं तर ती "कायपण चालेल" म्हणते. तिची चूक नाही हो, तीन वर्षं सगळं थोडं थोडं शिकवलं, हाताने काम कुठं केलंय. एक वर्ष नोकरी करू दे, सीईटीचा अभ्यास संध्याकाळी करू दे.

आणि नोकरीसाठी लगेच पुणं कशाला, तुमच्या तासगाव रोडवरच बेदाण्याची कोल्ड स्टोरेज बघा किती आहेत. कुणाचा लॉट कधी आला, भाडं किती झालं, सौद्यात काय दराने गेला, जीएसटीचं बिल, ई-वे बिल, हे सगळं बघायला माणूस लागतोच, आणि लहानपणापासून शेडवर बेदाणा बघितलेल्या पोरीला प्रत वेगळी शिकवावी लागत नाही. द्राक्ष एक्स्पोर्ट करणाऱ्यांकडे पण तेच, युरोपला माल जायचा तर ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर बागेच्या नोंदीपासून पॅकहाऊसपर्यंत कागदं चोख लागतात. मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात विम्याच्या कॅशलेस क्लेमचा डेस्क असतो, कुपवाड एमआयडीसीत पगारपत्रक, पीएफ, ईएसआय, खरेदी ही कामं असतात. पगार सुरवातीला कमीच मिळेल, ते खरंय, पण वर्षभरात आपल्याला काय जमतं ते तिचं तिला कळेल. तोपर्यंत हिशेबाचं टॅली आणि एक्सेल मात्र पक्कं करायला सांगा.

अजून एक, याची फार कमी मुलांना माहिती असते, जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशेबाचा सरकारी डिप्लोमा. सहकार खात्याची परीक्षा आहे, साधारण मे महिन्यात असते, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते आणि नोकरी करत करत होते. आपल्याकडे पतसंस्था, सोसायट्या, दूध संघ, साखर कारखाने एवढे आहेत, तिथं या डिप्लोम्याला किंमत आहे, पुढं अटी पूर्ण केल्या की संस्थांच्या ऑडिटच्या पॅनलवर पण जाता येतं. बँकेत अधिकारी व्हायच्या आयबीपीएस पीओ परीक्षेला 20 ते 30 वय आणि पदवी चालते, तो रस्ता पण खुला आहे, फक्त त्याला गणित आणि रीझनिंगचा रोजचा सराव लागतो, ते आवडत असेल तरच.

आणि नोकरी शोधताना "मॅनेजमेंट ट्रेनी" म्हणून बोलावून कुणी डिपॉझिट मागितलं तर एक रुपयापण देऊ नका, मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या दोन मुलांचे पैसे असेच गेले.

आता एक काम करा. शेवटच्या वर्षाला तिने प्रोजेक्ट कशावर केला होता आणि त्यात नेमकं काय काम आवडलं, हे तिलाच लिहायला सांगा, तुम्ही नको. ते आलं की कुठं अर्ज करायचे ते आपण ठरवू.