जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल बदललं तर गिअरबॉक्स बसतो का?

तुमची २०१० ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक, रनिंग लाखाच्या वर, ऑइल एकदाही बदललेलं नाही आणि मिस्त्री म्हणतोय, "आता हात लावाल तर बॉक्स बसेल." बसत नाही. बदलून घ्या. मिस्त्रीचं हेच वाक्य आमच्या दाजींच्या तोंडून इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमच्याकडेही हीच गाडी, वडिलांची. नाशिक-ठाणे करून करून पळालेली, म्हणजे प्रत्येक खेपेला कसारा घाट. इंजिन ऑइल वेळच्या वेळी, पण गिअरबॉक्सचा विषय निघाला की दाजी मध्ये पडायचे. त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी ऑइल बदललं आणि महिनाभरात गाडी जागची हलेना. जुन्या ऑइलमधल्या गाळावरच क्लच प्लेटा पकड धरून असतात, गाळ गेला की खेळ खलास, असा त्यांचा सिद्धांत. फराळाला बसलं तरी हेच.

अहो, पण त्या माणसाला ऑइल आठवलं कधी? रेस वाढते पण गाडी ओढत नाही, लिव्हर डीवर, म्हणजे ड्राइव्हवर टाकला तरी क्षणभर विचार करत बसते, तेव्हा. म्हणजे प्लेटांचं अस्तर आधीच संपलेलं. ऑइल बदललं नसतं तरी बॉक्स जाणारच होता, खापर फुटलं नव्या ऑइलवर.

शेवटी वडील म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर कर." सातपूरला ओळखीच्या गॅरेजात गाडी पिटवर घेतली आणि दाजींना मुद्दाम सोबत नेलं. या बॉक्सच्या ड्रेन नटला चौकोनी खाच असते, थ्री-एटचा, म्हणजे ३/८ इंची रॅचेट थेट त्यातच बसतो. नट सुटला आणि ऑइल आलं ते काळपट तपकिरी. मुळात ते लाल असतं. नटाच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर करड्या मळीचा थर. मिस्त्रीने तो दोन बोटांत चोळला. काजळासारखा मऊ, कण कुठेच लागेना. "ही झीज व्हायचीच," तो म्हणाला. "कचकच लागली असती तर नट परत लावून तुम्हाला घरी पाठवलं असतं." दाजी चुंबकाकडे बघून म्हणाले, "बघ, किती झिजलाय." काय बोलणार!

नट उघडून साधारण अडीच लिटरच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमार्फत बॉक्सला देणारा भाग) आणि आतल्या वाटांत अडकून राहतं. म्हणून निघालं तेवढं मोजून नवं भरायचं, थोडे दिवस गाडी चालवायची, पुन्हा काढायचं. दर वेळी चाळीस टक्के बदललं असं धरा, तीन खेपांत जुनं वीस-बावीस टक्क्यांवर येतं. मशीन लावून दाबाने फ्लश मात्र करू नका. दाजींच्या बोलण्यात तथ्य असलंच तर एवढंच, की दाबाने उठलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) बारीक वाटांत जाऊन बसू शकतो.

ऑइल होंडाचंच, डीडब्ल्यू-१. आधीच्या झेड-१ च्या जागीही तेच चालतं. "सगळ्या ऑटोमॅटिकना चालतं" म्हणून सुटं ऑइल पुढे करणाऱ्याकडून गाडी काढून घ्या. लेव्हल बघताना रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत इंजिन तापू द्या, सपाट जागी बंद करा आणि एक ते दीड मिनिटाच्या दरम्यान डिपस्टिक ओढा. इंजिन चालू ठेवून बघायची पद्धत दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांची.

आमच्या गाडीचा दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाचा झटका गेला. वडिलांना तो फरक घाटात कळला. दाजी म्हणाले, पेट्रोल चांगलं मिळालं असेल.

हां, एक राहिलंच. गाडी आत्ताच स्लिप होत असेल, म्हणजे रेस वाढूनही ओढत नसेल, किंवा ऑइलला करपल्याचा वास येत असेल तर माझं ऐकून ऑइल बदलायला धावू नका, आधी ऑटोमॅटिक बॉक्स उघडणाऱ्या माणसाला दाखवा. सीव्हीटीचं, म्हणजे गिअरऐवजी पुली-पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं ऑइल वेगळं, त्यात हे चुकूनही नको. आणि एएमटीवाल्यांनी हे उत्तर सोडून द्यावं, त्यांचा बॉक्स मुळात मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं.

खर्चाचं विचारलंत. ऑइलचे डबे, ड्रेन नटाचा ॲल्युमिनियमचा वॉशर आणि किरकोळ मजुरी. नव्या बॉक्सच्या खर्चाच्या हे पासंगालाही पुरणार नाही. डबे मात्र तुमच्यासमोर फोडायला लावा.

दाजींनी मध्यंतरी एक जुनी सीव्हीटी गाडी घेतली आहे. सिग्नलवरून सुटताना ती थरथरते. ऑइलचं काढलं की म्हणतात, "कंपनीने भरलंय ते उत्तम आहे." यंदा भाऊबीजेला ताईकडे जाताना मी सीव्हीटीच्या ऑइलचे डबे डिकीत टाकूनच जाणार आहे.