देण्याघेण्याच्या साड्या

"घरात सगळे जे गुपचूप करतात, त्याबद्दल मी 'कशाला?' असं विचारलं की मलाच अपराधी वाटतं. माझ्यातच काही बिघडलंय का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी बरीच माणसं येतात. कोणाला लग्नाच्या पंगतीत पुरुष आधी जेवतात हे खुपतं, कोणाला नव्या सुनेला दर भेटीत 'काय गं, काही गोड बातमी?' विचारणं. खुपणं एक असतं आणि ते बोलून दाखवणं दुसरं. ह्या दोन्हींच्या मध्ये माणूस आजारी पडू शकतो.

त्यातलीच एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई नागपुरात मानेवाड्याकडे राहणारी, शाळेत शिकवणारी, चाळिशीच्या अलीकडची, घरातली मोठी सून. धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि आहेराची यादी तिच्याकडे आली. सत्तरएक साड्या, जवळपास तेवढेच शर्टपीस, शिवाय टोप्या-दुपट्टे. आपल्याकडे इतवारी-गांधीबागेत साडीच्या दुकानात गेलं की दुकानदार आधीच विचारतो, "नेसायची दाखवू का देण्याघेण्याची?" ह्या एका प्रश्नात सगळं आलं, असं मला वाटतं. देण्याघेण्याची साडी नेसण्यासाठी नसतेच. ती एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाते, घडीवरच विरते. माझ्या क्लायंटला एकदा तिनेच दिलेली साडी तीन वर्षांनी परत आली होती, पिन न काढलेली.

एका रात्री जेवताना तिने सहज म्हटलं, "कोणीच नेसत नाही, तर एवढ्या घ्यायच्या कशाला?" सासूबाई गप्प झाल्या. नवरा म्हणाला, "आता लग्नाच्या तोंडावर हे नको काढू." बस, एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. पण तिची झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं, सगळं ठीक निघालं, तेव्हा त्यांनीच माझ्याकडे पाठवलं. "मॅडम, मला काय होऊन राहिलं, समजूनच नाही राहिलं," हे तिचं पहिलं वाक्य.

मी विचारलं, साड्या दिल्या नाहीत तर कोण नाराज होईल?

"सगळेच."

सगळे म्हणजे कोण, नावं लिहा म्हटलं. बराच वेळ पेन हातात धरून बसली. चार नावं निघाली: सासूबाई, चुलतसासू, आत्याबाई आणि अमरावतीची नणंद. ह्या चौघींपैकी 'मला साडी हवी' असं स्वतःच्या तोंडाने कोण बोललं होतं? एकट्या आत्याबाई. बाकी तिघींचं मत तिने आपल्या मनाने धरलेलं.

हे फक्त तिचंच होतं असं नाही. 1993 साली डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर ह्या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मुलांच्या दारू पिण्याबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांना त्या पिण्याबद्दल मनातून अस्वस्थ वाटत होतं, पण प्रत्येकाची समजूत अशी की इतरांना त्याचं काही वाटत नाही. म्हणून कोणी बोलायचं नाही, आणि न बोलल्यामुळे प्रत्येकाची समजूत आणखी घट्ट व्हायची. तिथे दारू होती, इथे साड्या.

त्याआधी 1950च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश ह्या मानसशास्त्रज्ञाने, कुठल्या रेघा सारख्या लांबीच्या ते गटात बसून सांगायचं, असे प्रयोग केले होते. उत्तर डोळ्यांसमोर स्पष्ट असतानाही, बाकी सगळे ठरवून चूक उत्तर देतात म्हटल्यावर सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. मात्र गटात एकच माणूस खरं बोलणारा असला की हे प्रमाण एकदम खाली यायचं. माझ्या कामात मला ह्या दुसऱ्या भागाचा उपयोग जास्त होतो. अख्ख्या खानदानाशी लढायला कोणालाच सांगू नये. आधी एक सोबती शोधायचा.

तो शोधायची पद्धत मात्र महत्त्वाची. 'ही रीत तुम्हाला पटते का?' असं विचारलं की समोरचा रीतीच्या बाजूने उभा राहतो, मनात नसलं तरी. म्हणून मी तिला मत विचारू नका म्हटलं. वस्तू कुठे आहे ते विचारा. एकेकीला, एकटीला गाठून, कामाच्या ओघात: "मागच्या लग्नातली साडी कुठाय हो तुमची?"

नणंदेची कपाटावरच्या सुटकेसमध्ये होती आणि ती फोनवर खो खो हसली. चुलतसासूने ती कामवाल्या बाईला दिली होती. त्या बाईने ती आपल्या पुतणीच्या लग्नात आहेर म्हणून देऊन टाकली. सासूबाईंना विचारायला तिला दोन आठवडे लागले. त्यांनी उठून लोखंडी पेटी उघडून दाखवली. "अवं, मले काय पायजेत त्या? तुले कोण सांगितलं?"

पण मग त्या बोलत बसल्या, आणि ही माहिती मला जास्त मोलाची वाटते. सासरे कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडली त्याच्या पुढच्याच वर्षी नणंदेचं लग्न आलं. तेव्हा भांडी, धान्य, पाचशे-हजार रुपये, असं जे लोकांनी आणून दिलं, त्यावर ते लग्न उभं राहिलं. कोणी काय दिलं ते वहीत लिहून ठेवलंय, आणि त्या घरी कार्य निघालं की तेवढं, जमलं तर थोडं वर, परत करायचं. त्या गप्प बसल्या होत्या त्या ह्या वहीसाठी. सुनेला वाटलं साड्यांसाठी.

म्हणजे प्रश्न विचारल्यावर रीत मोडलीच पाहिजे असं नाही. कधी कधी तिच्या पोटात एखादी कामाची गोष्ट सापडते, आणि ती तेवढी उचलून बाकीचं खाली ठेवता येतं. सगळ्याच रिवाजांना मी हा सावकाशीचा सल्ला देणार नाही, हेही सांगून ठेवते. विधवेला हळदीकुंकवातून उठवणं, कोणाचा कप वेगळा ठेवणं, अशा ठिकाणी घरातली चार नावं लिहीत बसू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आणि आपण तर दीक्षाभूमीच्या शहरात राहतो. 14 ऑक्टोबर 1956 ला इथे लाखो माणसांनी एका दिवसात काय काय मागे टाकलं! जी रीत कोणाचा मान काढून घेते ती एक आणि जी नुसती दमवते ती दुसरी. साड्यांची रीत दुसऱ्या जातीची. तिला वेळ देता येतो.

शेवटी सासूबाईंनीच वही काढली. ज्यांनी त्या वर्षी हात दिला होता अशी अकरा घरं निघाली. त्यांना पाकीट आणि नेसता येईल अशी एकेक साडी ठरली. बाकी कपड्यांचा आहेर बंद. हे आधीच फोन करून सांगायचं काम नणंदेने घेतलं. नवऱ्याने कशात भाग घेतला नाही, पण आडवाही आला नाही. आमच्या घरांत त्याला पाठिंबाच म्हणतात.

झोप सासूबाईंशी बोलणं झालं त्या आठवड्यातच सुधारली. धडधड लग्नाच्या दिवसापर्यंत अधूनमधून येत राहिली. श्वासाचे व्यायाम चालू ठेवले.

आत्याबाई रुसल्या. मांडवात सर्वांसमोर म्हणाल्या, "शिकलेली सून आणली की असंच होते बाप्पा." पुढच्या भेटीत तिने मला विचारलं, "त्यांना देऊन टाकू का एक साडी?" तुम्हाला द्यावीशी वाटते की भीतीने देताय, एवढंच मी विचारलं. थोडा विचार करून म्हणाली, "वाटते. माझ्या बाळंतपणात महिनाभर राहिल्या होत्या त्या." मग आत्याबाईंना घेऊनच ती दुकानात गेली. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि तिच्याआधी आत्याबाईच बोलल्या, "नेसाची दाखव."