अंगठा लागत नाही, मग इलाजाचं काय?

प्रश्न : मुलगा 13 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, मुठी उघडत नाहीत. रेशन दुकानात ई-केवायसीला अंगठा लागत नाही. नाव कमी होईल, असं दुकानदार म्हणतो. मग जन आरोग्य योजनाही गेली का? (चोपडा)

उत्तर : काळजी रास्त आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं वर्षाला 5 लाखांचं कवच 1 जुलै 2024 पासून सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना आहे. पण पेशंटचं नाव कार्डावर हवं.

आधी एक बघा. आधार पाच वर्षांच्या आत काढलं होतं का? बाल आधारला बोटांचे ठसे घेतच नाहीत. पुढे ते भरले नसतील, तर अंगठा कितीही दाबा, जुळणार कशाशी? तेव्हा पहिली फेरी आधार केंद्राची. ‘बायोमेट्रिक अपवाद’ म्हणून नोंद करायला सांगा. बोटं ओढून सरळ करू देऊ नका, बुबुळं आणि चेहरा घेता येतो. चालू मोबाइल नंबरही त्याच फेरीत जोडून घ्या, कारण पुढचा ओटीपी त्यावरच येतो.

मग ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅपवर चेहरा दाखवून केवायसी करा. पोराला दारापाशी उजेडात बसवा. मान डुलत असेल तर मागून कुणी डोकं धरावं, हात गालावर येऊ नये. अ‍ॅप पापणी लवण्याची वाट बघतं, घाई करू नका. तरी नाहीच झालं, तर यूडीआयडीची (अपंगत्वाच्या ओळखपत्राची) झेरॉक्स लावून तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. तोंडी बोललेलं तिथे टिकत नाही.

आयुष्मान कार्ड मात्र घरात प्रत्येकाचं वेगळं असतं. मुलाचंही काढा, त्याला ओटीपी चालतो.

प्रश्न : मुलीला ऑटिझम आहे. स्पीच थेरपीचा खर्च जन आरोग्यमधून मिळेल का? (शहादा)

उत्तर : नाही. ती योजना मुख्यतः अ‍ॅडमिट होऊन होणाऱ्या ठरलेल्या उपचारांची. थेरपी आणि ओपीडीसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना घ्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांना 1 लाखापर्यंत कवच, तेही आधी वैद्यकीय तपासणी न करता. अर्ज ट्रस्टच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत होतो. पैसे आधी आपण भरायचे, मग परत मिळतात. प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा आहे, ती संस्थेकडून लिहून घ्या. थेरपीच्या बिलावर प्रत्येक सत्राची तारीख आणि थेरपिस्टची सही-शिक्का हवा, नुसतं ‘महिन्याचे मिळून’ लिहिलेलं बिल अडकतं.

निरामयचं कार्ड कधीही काढा, मुदत 31 मार्चलाच संपते. नूतनीकरण फेब्रुवारीतच उरका. मुलांचं अपंगत्व प्रमाणपत्र बहुतेकदा तात्पुरतं असतं, त्यावरची तारीखही तेव्हाच बघा.

प्रश्न : योजनेतल्या दवाखान्यानं डिपॉझिट मागितलं. भरावं का? (साक्री)

उत्तर : आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाचं, टेबल गाठा. मंजूर उपचार कॅशलेस असतात. भरलेच असतील तर पक्की पावती घ्या आणि 155388 वर तक्रार नोंदवा. तक्रारीचा नंबर केसपेपरच्या मागे लिहून ठेवा.