काउबॉय धाटणीचे रिव्हॉल्व्हर घ्यावे का: आधी पत्त्याचा कागद, मग कॅलिबर

ग्रीन कार्ड हाती आल्यावर .४५ कोल्ट कॅलिबरचे, म्हणजे त्या मापाच्या काडतुसाचे, सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर घ्यायचे तुमच्या मनात आहे, रूगरचे न्यू वाकेरो घ्यावे की इटलीतील उबेर्टीचे याचा निर्णय होत नाही आणि घराच्या संरक्षणालाही ते उपयोगी पडावे अशी तुमची अपेक्षा आहे. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे की ड्रायव्हिंग लायसनवर अजून डॅलसमधल्या जुन्या घराचा पत्ता आहे, पण दुसऱ्या राज्यातला ऑनलाइन विक्रेता ‘त्याने काही अडत नाही’ असे म्हणतो. तुमचा प्रश्न मॉडेलचा आहे, पण त्या शेवटच्या ओळीपायी माझे पैसे आणि मनःस्ताप दोन्ही खर्ची पडले आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मी वकील नाही. नियम बदलत असतात, तेव्हा खरेदीआधी त्या वेळचा नियम स्वतः तपासून घ्या.

दुसऱ्या राज्यातून मागवलेले रिव्हॉल्व्हर थेट घरी येत नाही. ते तुमच्या राज्यातील परवानाधारक दुकानदाराकडे येते आणि फॉर्म ४४७३ हा शस्त्रखरेदीचा केंद्रीय फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन मगच तुमच्या हाती पडते. त्या फॉर्मवर सध्या राहता तोच पत्ता लिहावा लागतो आणि तोच सरकारी कागदावर दिसावा लागतो. म्हणजे अडचण विक्रेत्याला येत नाही, ती तुमच्या गावातल्या दुकानाच्या काउंटरवर तुम्हाला येते. मीही असेच दुसऱ्या राज्यातून रिव्हॉल्व्हर मागवले होते. माझ्या राज्यातील लायसन कार्यालयाने पत्ताबदलाचा अर्ज आणि शुल्क तत्परतेने घेतले, पण कार्ड काही येईना. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने एकदा सांगितले की इमिग्रेशनची पडताळणी प्रलंबित आहे, पुढच्या वेळी सांगितले की कार्ड टपालात पडले आहे, आणि नंतर कळले की ते जुन्याच पत्त्यावर पाठवले गेले. नव्या पत्त्यासाठी केलेल्या अर्जाचे कार्ड जुन्या पत्त्यावर का जाते, हे विचारल्यावर मला पुन्हा नवा अर्ज भरायला सांगण्यात आले, आणि आधीच्या शुल्काचे काय, यावर कोणीही बोलले नाही. मधल्या काळासाठी त्यांनी दिलेल्या कागदावर छायाचित्र नव्हते, त्यामुळे तो दुकानात ओळखपत्र म्हणून चालला नाही.

याहून संताप आणणारी गोष्ट ही की यावर उपाय होता. ओळखपत्रावर जुना पत्ता असेल, तर तुमचे नाव आणि सध्याचा पत्ता असलेला दुसरा वैध सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी, त्याच्या जोडीला दाखवता येतो. खाजगी कंपनीचे विजेचे बिल मात्र चालत नाही. माझ्या गाडीच्या नोंदणीवर नवा पत्ता होता. तो कागद मी दुकानदारापुढे ठेवला, तर त्याने तो घेतला नाहीच, उलट परदेशी नागरिकांना पूर्वी लागणारा आणि कधीच रद्द झालेला नव्वद दिवसांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला. दुकानदाराने विक्री केलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. ठरलेली मुदत उलटल्यावर त्याने सांभाळणावळ लावायला सुरुवात केली, शेवटी रिव्हॉल्व्हर परत पाठवावे लागले आणि विक्रेत्याने परतीची मोठी रक्कम कापून घेतली. ज्याने मला ‘काही अडत नाही’ असे सांगितले होते, तोच हा विक्रेता. म्हणून विक्रेत्याला एक डॉलरही देण्यापूर्वी, ज्या दुकानातून ते ताब्यात घेणार त्या दुकानाला फोन करा, लायसनच्या जोडीला कोणता कागद स्वीकारणार हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. नियम माहीत असलेले दुकान थोडे लांब असले तरी तेच निवडा.

नावाचेही याच वेळी पाहून घ्या, कारण आपल्या मराठी नावांचा इथे हमखास घोळ होतो. मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे. ते कोणाच्या ग्रीन कार्डवर पहिल्या नावाला जोडून आलेले असते, तर लायसनवर त्याचे एकच अक्षर उरलेले असते. फॉर्मवर पूर्ण मधले नाव विचारतात; ते मुळीच नसेल तर ‘एनएमएन’ (नो मिडल नेम) आणि अधिकृत नावातच केवळ आद्याक्षर असेल तर त्यापुढे ‘आयओ’ (इनिशियल ओन्ली) लिहायचे असते. ग्रीन कार्डवरचा ए क्रमांकही बरोबर न्या. तपासणीत ‘विलंब’ असे उत्तर आले तर घाबरून जाऊ नका, तो नकार नव्हे. नावसाधर्म्यामुळे दर खेपेस असे होत असेल, तर एफबीआयकडे स्वेच्छेने नोंद करून यूपीआयएन हा स्वतःच्या ओळखीचा खास क्रमांक मिळवता येतो आणि तो पुढच्या फॉर्मवर लिहिता येतो.

आता घ्यावे की नाही याविषयी. केवळ घराच्या संरक्षणासाठी घेत असाल तर घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. यात प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो आणि मगच चाप दाबायचा असतो. रिकामी काडतुसेही बाजूची झडप उघडून, दांड्याने एकेक करून ढकलावी लागतात. रात्री घाबरलेल्या माणसाच्या हाती हे असावे असे मला वाटत नाही. काहीजण याच्या उलट सांगतील आणि त्यांचा सराव मोठा असेलही, पण प्रश्न तुमच्या सरावाचा आहे. याउलट शांतपणे लक्ष्यभेद करायचा असेल, १८७३च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीपासून चालत आलेली ती यंत्ररचना हाताळण्यात गोडी असेल किंवा काउबॉय नेमबाजीच्या स्पर्धांत उतरायचे असेल, तर अवश्य घ्या. मात्र त्या स्पर्धांना अशी दोन रिव्हॉल्व्हर लागतात, शिवाय लिव्हर अ‍ॅक्शन रायफल आणि शॉटगन. तेव्हा तो खर्च आधीच धरून चला. जवळच्या क्लबात एकदा प्रेक्षक म्हणून जाऊन या. तिथली मंडळी नवख्याच्या हातात आपले रिव्हॉल्व्हर आपणहून देतात, आणि दस्ता तुमच्या मुठीत बसतो की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.

दोन्ही मॉडेलांतला खरा फरक दिसण्यात नाही, आतल्या सुरक्षिततेत आहे. रूगरने १९७३ पासून आपल्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार, म्हणजे घोड्याचा धक्का पुढे पोहोचवणारी पट्टी, बसवला. चाप दाबलेला नसेल तर घोड्याचा धक्का काडतुसापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे सिलिंडरमधली, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या भागातली, साही घरे भरता येतात, आणि झडप उघडली की सिलिंडर आपोआप मोकळे होते. कोल्टच्या जुन्या रचनेबरहुकूम बनवलेल्या इटालियन प्रतींत ही सोय नसते, आणि तिथे पाचच काडतुसे भरायची. घोडा दोन खटक्यांपर्यंत, म्हणजे अर्ध्यावर, ओढला की सिलिंडर फिरू लागते. एक काडतूस घाला, पुढचे घर रिकामे सोडा, मग ओळीने चार घाला, झडप लावा, घोडा पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने धरून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, हळूच खाली आणा. तो रिकाम्या घरावर येतो. उबेर्टीच्या नव्या काही मॉडेलांत मागे सरणारी फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी खीळ) आहे, तरीही मी पाचचाच आग्रह धरीन. तुमच्या घरी लहान मूल आहे असे तुम्ही लिहिले आहे; एवढ्या एका कारणासाठी मी न्यू वाकेरो सुचवतो.

कॅलिबरबाबत मात्र तुमच्या निवडीशी मी सहमत नाही. .४५ कोल्टला इतिहासाचे वलय आहे, परंतु त्याची काडतुसे महाग पडतात. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालते, ते स्वस्त आहे आणि धक्काही सौम्य देते. .३८ बरेच वापरले की सिलिंडरच्या घरांत काजळीचे कडे बसते आणि .३५७ची लांब काडतुसे अडू लागतात, तेव्हा साफसफाईत आळस नको. हात बसण्यासाठी हेरिटेज कंपनीचे .२२ कॅलिबरचे रफ रायडर बरेच स्वस्तात मिळते; अनेकांनी तेच आधी घ्यावे आणि आवड टिकते का ते पाहावे, असे मला वाटते. .२२मध्ये काडतुसाशिवाय चाप दाबण्याचा सराव करू नका. घराच्या काठावर पिन आदळून तो काठ खराब होऊ शकतो, त्यासाठी डमी काडतुसे मिळतात. वापरलेले रिव्हॉल्व्हर पाहत असाल तर विचारून घोडा अगदी सावकाश ओढा आणि तो पूर्ण मागे पोहोचेपर्यंत सिलिंडर जागी पक्के बसते का ते पाहा. कोल्ट धाटणीच्या सिलिंडरभोवती गोल ओरखडा उमटलेला असेल, तर आधीच्या मालकाला घोडा अर्ध्यावरून तसाच खाली सोडण्याची सवय असण्याचा संभव आहे.

शेवटी घरातल्या आणि मित्रमंडळींतल्या माणसांविषयी, कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या व्यक्तीला वैध शिकारी परवान्यासारखा अपवाद लागू नसेल, तर शस्त्र बाळगणे हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि रेंजवर चार गोळ्या झाडण्यासाठी हातात घेणेही त्यात मोडू शकते. ऑफिसातल्या मित्राने कितीही आग्रह केला तरी त्याच्या हाती ते देऊ नका, आणि त्याच्या पैशांनी त्याच्यासाठी विकत तर मुळीच घेऊ नका. टेक्सासमध्ये भरलेले शस्त्र निष्काळजीपणे ठेवले आणि ते १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागले, तर तोही गुन्हा आहे. आईवडील पर्यटक व्हिसावर येऊन महिनोन्‌महिने राहतात, नातवंडे त्यांच्या खोलीत खेळतात. तेव्हा तिजोरी तुमच्या खोलीत ठेवा, तिचा आकडा त्यांना सांगू नका आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा. ती तिजोरी रिव्हॉल्व्हरच्या आधी घरात आणा.